क्लब केवढा?

भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीखाली एक चहाची टपरी होती आणि दर रविवारी सकाळी तिथे फुटबॉलवरून भांडणं व्हायची. कोण कसं खेळलं यावरून नव्हे. मोठा क्लब कोणता, यावरून. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मुंबईतली जागा पुरेना म्हणून आम्ही एकेक जण इथे येऊन पडलो होतो. क्रिकेटने झपाटलेल्या त्या वस्तीत आम्ही चार-पाच फुटबॉलवाले म्हणजे उपवासाच्या पंगतीत चुकून शिरलेले मटण खाणारे. त्यामुळे एकमेकांना धरून होतो, आणि एकमेकांवर ओरडायलाही आम्हीच होतो.

आवाज चढल्याशिवाय मला विचार सुचत नाहीत असं माझी बायको म्हणते. खोटं नाही ते. कॉलेजच्या संघात मी डाव्या बाजूचा बचावपटू होतो, त्यामुळे आपल्याला खेळातलं चार लोकांपेक्षा जास्त कळतं अशी माझी पक्की समजूत. मी म्हणायचो, कप मोजा. कपाटात कप जास्त तो क्लब मोठा, विषय संपला. शेजारच्या इमारतीतले बंगाली सोनारदादा कपाला मोजायचेच नाहीत. ते म्हणायचे, "कप तो बाजार में भी मिलता है. मेरे दादाजी जिस क्लब के लिए रोये, मेरा बाप रोया, मैं रोता हूँ, वो क्लब बड़ा है." पिढ्यांचं रडणं निघालं की मी आणखी मोठ्याने बोलायचो.

पुढे केबल आली आणि आमच्या भांडणाला परदेशी माल मिळाला. ज्या गावांची नावं आम्हाला नीट उच्चारता येत नव्हती, त्यांच्या क्लबांसाठी आम्ही चहा गार करू लागलो. एकाचं मैदान मोठं, दुसऱ्याचा इतिहास जुना, तिसऱ्याने महागडा खेळाडू आणला. याच काळात मला एक नवीनच माप सुचलं आणि मी त्याच्यावर फार खूश होतो. ज्यांनी मैदान जन्मात पाहिलेलं नाही अशी किती माणसं क्लब हरल्यावर जेवत नाहीत, ते बघा. या हिशेबाने भाईंदरसुद्धा त्या क्लबांचा एक लहानसा भाग ठरत होतं. मला ते आवडायचं. नव्या गावात आलेल्या माणसाला आपण कुठल्यातरी मोठ्या गोष्टीत मोजले जातोय असं वाटावं लागतं.

या सभेत कधीमधी पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या पाली गावातला माझा मित्र येऊन बसे. आम्ही एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर. त्याचं घर मच्छीमारांचं. भाऊ बोट चालवायचा, आणि घराण्यातला पहिला पगारदार हा. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटपून तो बोटीच्या इंजिनाचं काहीबाही घ्यायला पूर्वेला यायचा आणि टपरीवर टेकायचा. गावातल्या क्लबचा तो सेक्रेटरी होता. जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव नोंदवलेला जुना क्लब, पण खालून मोजला तर लवकर सापडणारा. एकदा आम्ही इंग्लंड-इटली करत असताना तो शांतपणे म्हणाला, "आमचा क्लब मोठा हाय."

आम्ही पोट धरून हसलो. सोनारदादांनी तर ग्लास खाली ठेवला.

"किती मोठा?" मी विचारलं.

"मे महिन्यात ये. दाखवतो."

गेलो. किनाऱ्यामागच्या मोकळ्या पट्ट्यावर आसपासच्या गावांची स्पर्धा होती. गोलच्या खांबांना मासेमारीची जुनी जाळी बांधलेली. मैदानाच्या कडेला एक बोकड उभा होता, गळ्यात हार, हार अर्धा खाल्लेला. पहिलं बक्षीस तेच. अंतिम सामना पाली आणि शेजारचं चौक गाव यांच्यात झाला. पाली एका गोलने जिंकलं, तोही पायाने नाही, मांडीला लागून गेलेला. मी मनात म्हटलं, झालं दर्शन मोठ्या क्लबचं.

खरं दर्शन नंतर झालं. बोकड कापला आणि ताडपत्रीवर त्याचे वाटे मांडले गेले. प्रत्येक ढिगात थोडं मांस, थोडं हाड, कलेजीचा तुकडा, चरबी. कोणाला डावंउजवं वाटू नये म्हणून त्यांची एक रीत होती. एक जण ताडपत्रीकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "यो कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस न बघता पुकारायचा. "कॅप्टनचा!" "जाड्याचा!" तो ढीग त्याचा. कुरकुर नाही.

मैदानावर उतरलेले सगळे मिळून चौदा. वाटे त्याच्या जवळजवळ दुप्पट. मी मित्राला म्हटलं, अरे, हे मोजायला चुकले.

"न्हाय चुकले," तो म्हणाला. पुकारणारा पुढे चालूच होता. ज्याचा गुडघा मागच्या वर्षी गेला, त्याचा. जो परदेशी जहाजावर नोकरीला गेला, त्याचा, म्हणजे त्याच्या घरच्यांचा. जाळी ज्याने बांधली त्याचा. ज्याचं वय झालं आणि जो आता नुसता कडेला उभा राहून शिव्या घालतो, त्याचा. बोटीवर असंच असतं, मित्राने समजावलं. मासळीचे वाटे करताना खलाशांबरोबर बोटीचा वाटा काढतात, जाळ्यांचा काढतात, आजारी पडून घरी राहिलेल्याचाही काढतात. क्लब तसाच चालायचा. दुसरी तऱ्हा त्यांना माहीतच नव्हती.

सगळ्यात शेवटी पुकार झाली, "गोलकीपरचा!" गोलकीपर तर मघाशीच आपला वाटा घेऊन गेला होता. गर्दीतून एक म्हातारी टोप घेऊन पुढे आली. तिचा मुलगा या क्लबचा आधीचा गोलकीपर होता. एका मोसमात बोटीवर गेला तो परत आला नाही, आणि समुद्राने त्याला परत दिलंही नाही. पुरायला काही मिळालं नाही, त्यामुळे देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, दफनभूमीत त्याची जागा नव्हती. वर्षातून एकदा त्याला हाक मारली जायची ती इथे, या ताडपत्रीवर. तिने टोप धरला, वाटा घेतला, कोणाकडे न बघता निघून गेली. जिंकले तर बोकड, हरले तर वर्गणी काढून कोंबड्या, पण दर वर्षी वाटे व्हायचे आणि ती यायची.

"आता मोज," मित्र म्हणाला. "क्लब एवढा."

माझं डोकं एरवी लगेच चालतं. त्या दिवशी चाललं नाही. मी माझं सगळं आयुष्य कपाटं मोजत होतो, आणि इथे ही माणसं गेलेल्याला धरून क्लब मोजत होती. पुढच्या रविवारी टपरीवर मी हे नवं माप मोठ्या तावातावाने मांडलं. सोनारदादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फिर तो मटन की दुकान सबसे बड़ा क्लब है." सगळे हसले. मीही हसलो, पण राग आला होता.

त्यानंतर मी दर मे महिन्यात जात राहिलो. दरम्यान आमच्याकडे इमारती खाडीच्या चिखलातून वर येत होत्या. मिरा रोडच्या बाजूला मिठागरं जाऊन टॉवर येत होते. अशाच एका बिल्डरला फुटबॉल क्लब काढायची हौस आली. नवा क्लब नोंदवून वर चढत यायला वर्षं लागतात. त्यापेक्षा नोंदणी असलेला जुना क्लब घ्यावा, असं त्याला कोणीतरी सुचवलं. त्याचा माणूस पालीत आला. बूट देऊ, जर्सी देऊ, कोच देऊ, सरावाला न्यायला बस देऊ. क्लबला बिल्डरच्या कंपनीचं नाव लागेल, बाकी काही नको.

सभा देवळामागच्या शेडमध्ये झाली. मित्राने मला सोबत नेलं होतं, पण वेशीवरच बजावलं होतं, "तू पाहुणा. बोलायचं न्हाय." माझ्यासारख्याला ही शिक्षाच. बिल्डरचा माणूस फार गोड बोलला. तुमचा क्लब आम्ही मोठा करू, असं त्याने चारचारदा सांगितलं. शेवटी मित्राने विचारलं, "आणि वाटे?"

"कसले वाटे?"

कोणीतरी हसत हसत समजावलं. तो माणूसही हसला. "अहो, बोकड कशाला? एसी हॉलमध्ये पार्टी देऊ. सगळे खेळाडू, सगळी कमिटी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

भिंतीला टेकलेल्या पोरांकडे मित्राने एकदा पाहिलं. त्यातली निम्मी अनवाणी खेळायची, दगडाने बोटं फुटलेली. हात वर करून मतं घेतली आणि बिल्डरच्या बाजूने ढीगभर हात वर गेले. मित्राचा हात खाली राहिला, आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांचे राहिले. बाहेर आल्यावर मी इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. पोरं विकली गेली, गाव विकलं गेलं, काय काय बोललो. त्याने मला मध्येच थांबवलं.

"पाय त्यांचे हायत. बूट त्यांना पायजेत. त्यांना शिव्या देऊ नको." थोडं चालून गेल्यावर तो म्हणाला, "गोलकीपरच्या आईला कोन सांगेल, एवढंच."

क्लबचं नाव बदललं, रंग बदलला, सेक्रेटरीही बदलला. आणि खरं सांगायचं तर संघ चांगला झाला. पुढच्या मे महिन्यात ते स्पर्धा सहज जिंकले. बक्षिसाचा बोकड टेम्पोत घालून परस्पर केटररकडे गेला. संध्याकाळी मिरा रोडच्या हॉलमध्ये पार्टी झाली. ताडपत्री कोणी पसरली नाही, पुकारा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र माझ्या दारात. म्हणाला, चल, मटण घ्यायचंय. स्टेशनजवळच्या खाटकाकडे गेलो. तिथे त्याने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. चांगलं मांस बघून नको म्हणाला. "थोडं हाड टाक. चरबी राहू दे. कलेजीचा एकच तुकडा. नली नको." खाटीक चक्रावला. आयुष्यात त्याला नली नको म्हणणारं गिऱ्हाईक भेटलं नसावं. मित्र मला हळूच म्हणाला, "वाट्यात प्रत्येकाला नली कुठून येनार? तिला कळेल." वाटा खरा वाटावा म्हणून तो अर्धा तास त्या दुकानात घासाघीस करत होता, आणि मी शेजारी डबा धरून उभा होतो.

म्हातारी अंगणात सुकलेले बोंबील काढत होती. मित्राने डबा पुढे केला. "मावशे, क्लबचा वाटा."

तिने डबा उघडून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"किती वाटे झाले?"

मित्राची मान खाली. म्हणून मी बोललो, नेहमीप्रमाणे मोठ्याने. "तीस झाले, मावशी. यंदा क्लब मोठा झालाय."

"तीस," ती म्हणाली. "आनि मला हाक न्हाय आली?"

मित्र वाकून खाली पडलेला एक बोंबील उचलू लागला.

"गावात ऱ्हाते मी. बहिरी न्हाय झाले अजून." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या पोराला कान धरून जवळ ओढावं तसं ते बोलणं होतं. तिने ओटीवर केळीचं पान टाकलं आणि डबा त्यावर उपडा केला. मग बोटांनी मांस वेगळं करायला लागली. इथे थोडं हाड, तिथे थोडं. चरबी नखाने तोडली. कलेजीचा तो एकुलता तुकडा विळीवर धरून त्याचे तीन केले. पानावर तीन छोटे ढीग झाले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू. मोठ्या आवाजाचा. पाठ कर."

मी वळलो. समोर वाळूवर ओढलेल्या बोटी होत्या आणि पलीकडे समुद्र.

"यो कोनाचा?"

"सेक्रेटरीचा," मी म्हणालो.

"यो कोनाचा?"

हे मला साध्या आवाजात म्हणता येईना. पण हळू म्हणून चालणार नव्हतं, त्याला ऐकू जायला पाहिजे होतं. मी जेवढा आवाज होता तेवढा लावून पुकारलं, "गोलकीपरचा!"

मागे पान सरकवल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "आनि यो?"

एकच ढीग उरला होता आणि तो कोणाचा, ते मला म्हणायला येईना. मी आपला समुद्राकडे तोंड करून उभा. शेवटी मित्रच मागून म्हणाला, "तुझा रे. घे, वळ आता."