‘ओलाम’ आणि पप्पांचा उपास

योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, आमच्या ठाण्यातल्या बेने इस्रायल ज्यू घरांत जुनी माणसं अजून दरफाळणीचा सण म्हणतात. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी पप्पा साखर उतरून सिनेगॉगच्या पायरीवर कोसळले होते. पुन्हा उपास केलात तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरने बजावलेलं. तरी गेल्या वर्षी पप्पा हट्टाला पेटले.

“आपल्या तोरा ग्रंथात ‘ओलाम’ लिहिलंय. कायमचा हुकूम. डॉक्टरची चिठ्ठी आली म्हणून कायमचं संपतं का?”

मी चिडले, रडले, गोळ्यांची डबी टेबलावर आपटली. पप्पा ढिम्म! वर म्हणतात, “मास्तर ऐंशी पार करून उपास धरतात, मला काय धाड भरलीय?”

हे मास्तर म्हणजे मोहने गावच्या कारखान्यातले जुने फिटर. पाळीवरून घरी आल्यावर पुस्तकं उघडून हिब्रू आपलं आपण शिकले. आता माजिवड्याला राहतात आणि दर शनिवारी प्रार्थनेनंतर आम्हाला तोरा शिकवतात. काय माणूस आहे हो! अडलं की सरळ सांगतात, “हे मला कळलेलं नाही.” ‘ओलाम’ आला की त्यावर बोट ठेवायला लावायचे आणि मागची-पुढची ओळ वाचून घ्यायचे. मालकाला सोडायला तयार नसलेल्या गुलामाने ‘कायम’ चाकरी करायची, असं एके ठिकाणी आहे. पण पन्नासाव्या वर्षी सगळेच गुलाम सुटतात, म्हणून आपल्या जुन्या जाणत्यांनी त्याचं कायम तिथंच थांबवलं. “शब्द नुसता धरून बसू नका रे, कुणाबद्दल बोललंय ते बघा,” असं ते म्हणायचे. मला ते फार पटायचं.

गेल्या वर्षीच्या त्या उपासाच्या दिवशी दुपारी पप्पांची जीभ अडखळायला लागली, अंग घामाने भिजलं, तरी पाण्याला नकोच म्हणत होते. मी पळत सिनेगॉग गाठलं आणि मास्तरांना घेऊन आले.

ते पप्पांच्या पलंगावर बसले. “अरे, उपासाचा हुकूम तुमच्या पिढ्यांसाठी कायमचा, असं लिहिलंय. पिढ्या माणसांच्या असतात. पाळायला माणूस उरायला नको का?”

“तुम्ही धरता ना?” पप्पा कसेबसे म्हणाले.

मास्तरांचे कान लाल झालेले मला दिसले.

“चार वर्षं नाही धरत. हृदयाच्या गोळ्या आहेत. सकाळी पाण्याबरोबर घेतो, थोडं खातो आणि मग तुमच्यात येऊन बसतो. तुम्ही सगळे एवढा मान देता, सांगायची लाज वाटली. माझी लाज झाकली जावी म्हणून तू मरायला बसलायस, बाबा.”

मी साखर घातलेलं पाणी पुढे केलं. पप्पांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, ग्लास घेतला आणि संपवला. माझा जीव भांड्यात पडला.

मास्तर तसेच चालत सिनेगॉगला परत गेले. दुपारच्या प्रार्थनेआधी त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून हीच कबुली दिली. मला नंतर मैत्रिणीने सांगितलं, ते ऐकून मागच्या बाकावरचे दोन म्हातारे उठले आणि पाणी प्यायला गेले.