हळदीच्या दोऱ्याचं माप

सातव्या महिन्यात माझे पाय माझे राहिले नव्हते. मी पालमच्या शाळेत शिकवायचे, घर जवळच्या गावात, रोज एसटीनं ये-जा. संध्याकाळी बसमधून उतरताना चपलेत पाय मावायचा नाही. शेवटी नवऱ्याच्या स्लिपर घालून वर्गात उभी राहू लागले. पोरं हसली तरी मला काही वाटेना. लाज वाटायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता.

नुसते पायच बदलले असते तर धकवून नेलं असतं. मान काळी पडली. मला वाटलं मळ आहे, म्हणून रोज इतकी घासली की कातडी सोलवटली, आणि काळेपणा होता तिथंच. बेंबीखाली एक काळी रेघ उतरली, गालांवर वांग आले. घशाशी सतत आंबट, आणि बसमध्ये बसलं रे बसलं की लघवीची घाई. शेजारणी माझ्याकडे बघून आपापले अंदाज बांधायच्या. तोंड उतरलंय, पोट पुढं आलंय, म्हणजे अमुकच होणार. मला कसं वाटतंय हे एकीनंही विचारलं नाही. आरशात बघायचं मी सोडूनच दिलं. बाळंतपण झालं की मी पुन्हा पहिल्यासारखी होईन, एवढ्या आशेवर दिवस ढकलत होते.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला, लघवी तपासली, पायावर बोट दाबून पाहिलं. "सगळं ठीक हाय. मान, रेघ, पायाची सूज, ह्या दिवसांत होतंच. घरी गेल्यावर पाय उशीवर ठेवा. तोंडावर एकदम सूज आली, डोकं लय दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर मात्र लगेच या." मग माझ्या जोडव्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. "ही आधी काढा. बोट निळं पडायलंय."

जोडवी लग्नातली, जाड चांदीची, बंद कड्यांची. तेल लावलं, साबण लावला, निघेनात. कापायलाच हवी होती. आणि आमच्या घरात सवाष्णीच्या पायातली जोडवी कापत नाहीत. सासूबाई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "मालकाच्या जिवाचं लेणं हाय ते. कळ काढायची. आमी न्हाई काढली?"

मी भांडले नाही, भांडायला त्राण नव्हतं. नवरा म्हणाला, "आईला दुखवू नको, थोडेच दिवस राहिलेत." थोडेच दिवस! बोट कुठं त्याचं होतं? मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच रागात झोपून गेले.

सकाळी उजव्या पायाचं बोट बधिर झालं होतं. चिमटा काढला तरी कळेना. बोट जातंय आता, असं वाटून मी घाबरून रडायलाच लागले. सासूबाई आल्या, खाली बसल्या आणि माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला. लग्न झाल्यापासून त्यांनी कधी माझ्या पायाला हात लावला नव्हता. बराच वेळ बोट चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "चल. सोनाराकडं जाऊ."

बाजारातल्या सोनारानं दोन्ही जोडवी कापली. बोटात रक्त उतरलं तशी अशी कळ आली की मी दात आवळले. सासूबाईंनी पदराची गाठ सोडून हळदीत भिजवलेला दोरा काढला आणि दोन्ही बोटांना सैल बांधला. "बोट रिकामं ठेवायचं न्हाई," एवढंच बोलल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी पाय उशीवर टाकले की त्या येऊन दोरा बघायच्या. आवळत असला तर सोडून नवा बांधायच्या, जरा सैल. पाय किती सुजला म्हणून कधी हळहळल्या नाहीत. आज बोट जेवढं, तेवढा दोरा. हळूहळू मीही मान घासायची थांबले. थकवा होता तसाच होता, पण आपल्याच अंगाशी चाललेली झटापट तरी मिटली.

मुलगी झाली. सूज उतरली, रेघ फिकट झाली, पाय मात्र रुंद झाला तो झालाच. सव्वा महिन्यानंतर आम्ही दोघी जोडव्यांचे तुकडे घेऊन त्याच सोनाराकडे गेलो. "जुन्याच मापाची करून द्या," मी म्हणाले. पहिल्यासारखी व्हायची आशा अजून सुटली नव्हती.

सासूबाईंनी वाकून माझ्या बोटातला दोरा अलगद उतरवला आणि सोनारापुढं ठेवला. "ह्या मापाची कर. हिचा पाय आता एवढा हाय."

मग त्यांनी लुगडं जरा वर घेतलं आणि स्वतःचा पाय स्टुलावर ठेवला. त्यांची जोडवी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. बोटाच्या मांसात ती रुतली होती, कडेनं कातडी चढली होती.

"तुझा मालक पोटात होता तवापासून अशीच हायेत," मला म्हणाल्या. आणि सोनाराला, "माझीबी काप."

कापून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "दोरा हाय न्हवं तुझ्यापाशी?"

दोऱ्याची गुंडी माझ्या पिशवीत होती. मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.