मोठेबाबांच्या पाटावर

गेल्या आखाजीला मी दुपारभर मेलेला होतो.

तब्येत ठणठणीत होती, भूक तर नेहमीपेक्षा जास्तच होती; पण बार्शीटाकळीला मोठीमायच्या घरी पाटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत मी रीतीप्रमाणे मयत होतो. आखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया. पुण्याकडे त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आम्ही वऱ्हाडात मेलेल्यांना जेवू घालतो. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी एखादा जिवंत माणूस त्याच्या जागी पितर म्हणून बसवायचा, गेलेल्याच्या आवडीचं त्याला वाढायचं, आणि हा तृप्त झाला की तिकडे तो तृप्त झाला असं समजायचं. (याला अपचन झालं तर तिकडे काय होतं, यावर शास्त्र गप्प आहे.)

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दिवाळीनंतर गेले. दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले. मोठीमायनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा टाकला, हाक मारली, चहा गार झाला, मग तिला कळलं. तेव्हापासून त्या घरात ती एकटी.

आखाजीच्या आधी तिचा फोन आला. "मधू, जेवाले येजो. पितर बसाले कोणी भेटून नाई राहिलं."

यात अतिशयोक्ती नव्हती. त्या गल्लीचे कायमचे पितर तुळशीरामबुवा. साऱ्या आळीचे मेलेले वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडानं जेवत आले. पण थंडीत बुवा स्वतःच आटोपले, त्यामुळे त्यांच्याही घरी यंदा पितराची शोधाशोध चालू होती.

माझं अकोल्यात कुलरचं दुकान. अकोल्याच्या उन्हाळ्यात कुलरवाल्यानं दुकान बंद ठेवणं म्हणजे नवरदेवानं वरातीला दांडी मारणं. पण मोठीमायच्या हातची पुरणपोळी, त्यावर आंब्याचा रस... मी शटर ओढलं. शेवटी प्रश्न भावनेचा होता. (माझ्या भावना पोटाच्या आसपास राहतात.)

पोचलो तेव्हा रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत सोबत आलं. ओसरीत दोन मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या. पुण्याहून दिलीप आला होता, मोठीमायचा एकुलता एक, आणि त्याची बायको रश्मी.

"मधूदादा, आईला घेऊन चाललोय," दिलीप म्हणाला. "संध्याकाळची गाडी आहे. घराला कुलूप."

"मोठीमाय काय म्हणते?"

"म्हणते, बाबांना विचारते आणि सांगते."

"कोणत्या बाबांना?"

दिलीपनं माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाला घरात भाजी कोणती आणायची हेही कुणी विचारत नाही, त्याला आज एका बाईचं उरलेलं आयुष्य विचारलं जाणार होतं.

"तू फक्त हो म्हण," दिलीप म्हणाला.

"पितर जेवताना बोलत नसते बावा. आपल्या कुळात चालत नाही."

"मग मान हलव. जोरात हलव."

मला ते पटलंही. गुडघे गेलेली एकटी बाई, परसात विहीर. रात्री पडली तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. मी शब्द दिला.

तेवढ्यात मोठीमाय मोठेबाबांचं धोतर आणि टोपी घेऊन आली.

"हे नेस."

"मोठीमाय, मले धोतर नेसता येत नाई."

"त्याईले तरी कुठं येत होतं? मीच खोसून देऊ."

तिनं पँटवरूनच धोतर गुंडाळलं असतं तर पुढचा इतिहास बदलला असता. पण ती म्हणाली, पितर काई पँट घालून येत असते का? मग तिनं कासोटा खोचला, डोक्यावर टोपी ठेवली, ती जरा डावीकडे कलती केली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. बघता बघता तोंडाला पदर लावला. मी उगाच खाकरलो. खाकरणंही बहुतेक त्यांच्यासारखंच झालं असावं, कारण ती लगबगीनं आत निघून गेली.

बसलो. समोर पाण्याची घागर, तिच्यावर आंबा, उदबत्ती. निखाऱ्यावर पहिला घास पडला. कोपऱ्यातला कुलर भट्टीसारखी हवा फेकत होता. (तो मीच विकला होता, म्हणून तक्रारीला जागा नव्हती.) ताटात पुरणपोळी, रस, कुरडई, कढी आणि भजे. पितरानं बोलायचं नाही आणि वाढलेलं नाही म्हणायचं नाही, हे पहिले दोन नियम. दुसरा नियम तर मी जन्मभर पाळत आलोय.

दाराशी शेजारच्या शांताबाई येऊन बसल्या. मोठीमाय माझ्यासमोर बसली आणि सरळ मोठेबाबांशीच बोलायला लागली.

"तुमी गेल्यावर मोटारपंप जळाला. मी त्या मेकॅनिकले लई झापलं. मांजरीनं तुमच्या बाजेखाली पिल्लं देल्ले, मी हाकललं नाई. सकायी चाय दोन कपच होते अजून. हातच तसा पडते. मंग दोन्ही मीच पेतो."

हातातला पोळीचा घास मी परत ताटात ठेवला. रश्मी इतका वेळ मोबाइलवर सगळं टिपत होती, तिनंही हात खाली घेतला.

"आता दिलीप म्हणते, पुण्याले चाल. बाराव्या मजल्यावर राहा लागते म्हणते. खाली पाह्यलं का चक्कर येते." तिनं एक भजं उचललं आणि माझ्या बोटात दिलं. "हे घ्या अगुदर. अन् सांगा. जाऊ का मी?"

दिलीपनं मला डोळ्यानं खूण केली. मी भजं तोंडात टाकलं, चावलं, आणि हो म्हणण्यासाठी मान उचलली.

त्या भज्यात अख्खी मिरची होती. साधी नाही. ज्या मिरचीनं बैल रडेल, नांगर टाकून घरी जाईल, तसली. माझी मान वरखाली व्हायची ती डावी-उजवी झाली. एकदा नाही, भूत झाडताना होते तशी.

"नाई म्हणून राहिले व माय," शांताबाई कुजबुजल्या.

चूक सुधारायला मी मान वरखाली करू गेलो तर उचकी लागली, आणि मान वर जाऊन तिथेच अडकली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"रडून राहिले," शांताबाई म्हणाल्या आणि स्वतः रडायला लागल्या.

"आई, त्याला तिखट लागलंय," दिलीप म्हणाला.

"तू गप राय. तुह्या बापाले इचारून राहिली मी."

समोरची घागर पूजेची; पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता मोठेबाबांच्या बाजेजवळ. बोलता येईना, म्हणून मी तिकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी बाजेकडे पाहिलं. बाजेखालून मांजरीनं पाहिलं.

"इथंच राय म्हणतात," मोठीमाय हळूच म्हणाली.

मग माझ्यानं राहवेना. पितर जेवणातून उठत नाही, हा तिसरा नियम मोडून मी तांब्याकडे झेप घेतली. मी पोचलो. धोतर पोचलं नाही.

रश्मीनं भिंतीकडे तोंड केलं. दिलीपनं कपाळाला हात लावला. आणि शांताबाईंनी भरल्या डोळ्यांनी शेवटचा पुरावा दिला, "तेच हायेत बाप्पा. त्याईचंही असंच सुटे."

यापुढे वाद संपला. संध्याकाळी दिलीपनं आईच्या बॅगेतली लुगडी काढून पुन्हा कपाटात ठेवली. निघताना माझ्याशी तो एकच वाक्य बोलला, "दादा, तू नाही म्हणालास ना? मग आता तूच बघ."

ते गेल्यावर मोठीमाय परसात माझ्या हातावर पाणी घालत होती.

"मोठीमाय, त्या भज्यात मिरची होती."

"हाव."

"मोठेबाबाले तर तिखट चालतच नोहतं."

"नोहतंच. म्हून तर बाकीच्या भज्यात नाई टाकली."

ती पाणी घालत राहिली.

"त्याईले खरंच इचारलं असतं, तर हाव म्हटलं असतं त्याईनं," ती म्हणाली. "पोराले जिंदगीत कधी नाई म्हटलं नाई त्या माणसानं. मंग नाई म्हणाले कोणी तरी पायजे होतं का नाई?"

तेव्हापासून दर रविवारी मी अकोल्याहून बार्शीटाकळीची बस धरतो. तिच्या बीपीच्या गोळ्या नेतो, गॅसचं सिलिंडर बदलतो, पंपाला शिव्या घालतो, कुलरमध्ये पाणी भरतो. सकाळी ती दोन कप चहा करते आणि दुसरा माझ्यासमोर ठेवते. टोपी अजून खुंटीवर आहे. कधी ऊन जास्त असलं की म्हणते, घालून जा.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा भरपेट जेवून मी त्याच बाजेवर आडवा झालो आणि डोळा लागला. जागा झालो तो खांद्याला गदागदा हिसके बसत होते. मोठीमाय वर वाकलेली, चेहरा पांढरा फटक, एका हातात चहाचा कप, अर्धा चहा माझ्या छातीवर.

"झोपलो होतो मोठीमाय," मी म्हणालो.

ती मटकन खाली बसली. मग पदरानं माझ्या छातीवरचा चहा पुसत म्हणाली, "ह्या घरात जेवल्यावर निजाचं नाई. सांगून ठेवतो."

खरे पितर बरे. वर्षातून एकदा येतात, जेवतात आणि बिनघोर झोपायला परत जातात. मी दर रविवारी जातो, आणि भरल्या पोटी त्या बाजेवर डोळे टक्क उघडे ठेवून, मी जिवंत आहे हे दर पाच मिनिटांनी खाकरून सिद्ध करत बसतो.