मोटारीचा वाकडा दिवा

आमच्या मोटारीचा डावा दिवा वडिलांनी गुरांच्या गव्हाणीवर आपटून फोडला आणि दोष गव्हाणीला दिला. शहाद्याच्या बाजाराहून आले होते. मोटारीतून उतरायच्या आधीच म्हणाले, "मन्हा डोळास्ले काय व्हयेल शे? गव्हाणच आडवी उनी!" गव्हाण माझ्या जन्माआधीपासून तिथेच होती. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुसराही गढूळ झालाय हे त्या दिवशी कळलं.

मुंबईहून नवा दिवा यायला अख्खा पावसाळा गेला. तोवर वडील ओट्यावरच्या खाटेला खिळले. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले होते, निदान उजेड कळत असेल, तो कुठल्या बाजूने येतो ते कळत असेल, तर मोतीबिंदू काढून उपयोग. नाहीतर उगाच जिवाला त्रास. पण वडिलांना विचारणार कोण? विचारलं की एकच उत्तर, "मले सगळं दिखस." आईचा मात्र त्यावर पूर्ण भरवसा. तिन्हीसांजेला ती कंदील लावून ओट्यावरच्या खुंटीला अडकवायची आणि वडील तिकडे तोंड करून हात जोडायचे. त्यांनी हात जोडले की आई माझ्याकडे बघून म्हणायची, "देख, दिखस त्यास्ले."

मला मुळातच प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड. मी जवळ बसून नीट पाहिलं. आधी काडी ओढल्याचा आवाज व्हायचा, मग रॉकेलचा वास यायचा, आणि खुंटी तर रोजचीच. यात दिसायची गरजच नव्हती. आईला हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

मग एकदाचा दिवा आला. दादानं अंगणातच नट सोडायचे पाने मांडले आणि मी मदत म्हणून लुडबुड करायला बसले. त्यानं खालचा नट सोडला, वायर ओढून काढली, फुटका डबा बाजूला ठेवला. नवा दिवा माझ्या मांडीवर होता. काचेच्या आत रुप्यासारखी चकचकीत वाटी. लांबून पाहिलं तर माझं तोंड उलटं, कपाळ खाली आणि हनुवटी वर. जवळ नेलं तर तेच तोंड सुलटं आणि पातेल्याएवढं. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. ते नेमकं कुठे फिरतं तेच सापडेना. "दादा, हाई आसं काबरं व्हस?"

"तुन्हं थोबाडच तसं शे. आन तो दिवा आठे!"

माझ्या प्रश्नांना वैतागून त्यानं घाईघाईत वायर जोडली आणि नट कसाबसा आवळला. दिवा जरा घराकडे वळलेलाच राहिला. दिवेलागण होत आली होती. आई कंदिलाची काच पुसत दारात उभी होती. वडील खाटेवर, रोजच्यासारखे खुंटीकडे तोंड करून. दादा मोटारीत बसला आणि त्यानं बटण दाबलं.

ना आवाज, ना वास. रस्त्यावर पडायचा तो झोत थेट ओट्यावर गेला. "लागना!" म्हणून मी ओरडणार होते, तेवढ्यात वडिलांनी मान वळवली. खुंटीकडून सावकाश मोटारीकडे. आणि तिकडे हात जोडले.

"आज दिवा तठे काबरं लावा वं?" त्यांनी आईला विचारलं.

आईच्या एका हातात कंदील होता, दुसऱ्यात काडेपेटी. काडी अजून ओढायची होती. तिनं कंदील खाली ठेवला आणि तिनंही मोटारीला हात जोडले. मला रडू आवरेना.

दादा खाली उतरला. दिवा वाकडा बसलाय हे त्याला आता दिसलं. तो पाना शोधू लागला.

"ऱ्हावू दे," आई म्हणाली. "दवाखानामा जाई येवापावत वाकडाच ऱ्हावू दे."