बिननोंदणीची डॉक्टर

नवापूरच्या खालच्या आळीत मेघाली पागधरेला सगळे डॉक्टरीण म्हणत, पण सरकारदरबारी ती डॉक्टर नव्हती. बारावीला थोडक्या गुणांनी इथली पशुवैद्यकीयची जागा हुकली, तेव्हा जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने तिला फिलिपिन्सला पाठवलं. सहा वर्षं म्हशी, डुकरं, कोंबड्या हाताळून ती पदवी घेऊन परत आली. पण परदेशातली पदवी इथे तशीच चालत नाही. आधी पशुवैद्यकीय परिषदेची लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, आणि दोन्हीतून पार पडलं की नोंदणी क्रमांक. तो हाती येईपर्यंत जनावराला सुई टोचायची नाही आणि औषध लिहून द्यायचं नाही.

लेखी परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली. प्रात्यक्षिकात घोड्याने घात केला. नवापुरात घोडा दिसतो तो वरातीत, आणि तिच्या कॉलेजात होतं ते एकुलतं एक म्हातारं तट्टू. परीक्षकांनी घोड्याचा मागचा पाय उचलून दाखवायला सांगितलं. तिने हात लावायच्या आत घोड्यानेच तो उचलला आणि तिच्या मांडीवर हाणला. आई मंगला बाजारात सुकट विकताना विचारणाऱ्या बायकांना सांगायची, "माझी पोरगी पास हाय गो. घोडा नापास झाला."

पुढचं प्रात्यक्षिक तीन डिसेंबरला होतं. नोंदणीपूर्वी मी स्वतंत्रपणे उपचार करणार नाही, असं हमीपत्र अर्जाबरोबर तिने सही करून दिलं होतं. बोईसरला डॉक्टर शांताराम सावे यांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. डॉक्टर समोर असले की हात तिचे आणि सही त्यांची, असा तिथला रिवाज. आळीत मात्र कुणाची शेळी फुगली, कुणाची कोंबडी मान टाकू लागली की लोक तिच्याकडेच यायचे, आणि तिला नाही म्हणता येत नसे.

मंगळवारी, अकरा नोव्हेंबरला, सकाळी सातच्या सुमाराला पुष्पलताकाकी दारात आली. तिची गाय चंद्री दहा दिवसांपूर्वी व्यायली होती आणि तिच्या चिकाचा खरवस आळीतल्या प्रत्येक घरात गेला होता.

"चंद्री खात नाय गो. तोंडातून निस्ती लाळ. नरड्यात कायतरी अडाकलंय."

नवापुरात लाळ गाळणाऱ्या गाईच्या नरड्यात काय अडकलं असेल हे कुणी कुणाला विचारत नाही. गुरं मासळीच्या वाळवणीवर मोकाट फिरतात. खाली पडलेली सुकी मासळी खातात आणि तिच्याबरोबर जाळ्याचे तुकडेही गिळतात. दर वर्षी दोन-तीन गाई अशा अडतात. मेघाली लहान असताना तिचे वडील स्वतः गाईच्या घशात हात घालून जाळं ओढून काढायचे. दुसऱ्या गावाहून आलेल्या डॉक्टरने लाळ बघून आधी चार पावलं मागे घेतली असती आणि हातमोजे मागितले असते. मेघालीने बाही वर सारली.

पुष्पलताकाकीचा नवरा महादू तेव्हा घरीच होता. सातपाटीच्या एका बोटीवर तो खलाशी होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला निघायचं होतं. त्याने गाईचा जबडा फाकवला आणि जीभ धरून बाजूला ओढली. खलाशाचे हात ते. दोरीने बोटांच्या पेरांना ताज्या चिरा पडल्या होत्या. मेघालीने कोपरापर्यंत हात आत घातला आणि थोड्या वेळाने वीतभर निळा नायलॉनचा धागा बाहेर काढला.

"बग," महादू बायकोला म्हणाला, "मी काय बोललो? जालंच हाय. ही जाल्यावर आन मी बोटीवर. आमा दोघांचं पोट एकाच धंद्यावर."

पुष्पलताकाकी हसली. मेघालीने गाईला सूज उतरायची सुई टोचली, हात साबणाने धुतले आणि साडेआठच्या बसने बोईसरला गेली. धागा सापडल्यामुळे तिला आणखी काही शोधायचं सुचलं नाही.

बुधवारी गाय खाईना. गुरुवारी संध्याकाळी मेघाली परत आली तेव्हा आळीच्या तोंडापासूनच चंद्रीचं हंबरणं ऐकू येत होतं. पण ते हंबरणं नव्हतं. घोगरा, फाटलेला आवाज, न थांबणारा. ती गोठ्याच्या दारातच थांबली. गाईचे मागचे पाय लुळे पडले होते आणि ती खांबाला धडका देत होती. मेघालीने दाराची चौकट धरली. हा आजार तिने पुस्तकात वाचला होता आणि लेखी परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं.

"काकी, हिला कुत्रा चावला होता का?"

पुष्पलताकाकीने आठवून पाहिलं. "नवरात्रात वालवनीवर एक कुतरा झोंबला व्हता. नाकाला जरा ओरखडा. ते काय सांगायचं?"

मेघालीने तिला तिथल्या तिथे बाहेर ओढलं. गाय पिसाळली आहे, तिची लाळ जखमेला लागली असेल तर माणसालाही होतं, आणि एकदा लक्षणं दिसली की औषध नाही, हे तिने दोनदा, तीनदा समजावलं. स्वतःची तिला भीती नव्हती. कॉलेजात सगळ्या मुलांना आधीच लस दिली होती, तिला आता दोन सुया पुरेशा होत्या. महादूने आयुष्यात कसलीच सुई घेतली नव्हती. आणि तो समुद्रात होता, आठवडाभर परतणार नव्हता.

तिने त्याच संध्याकाळी सरकारी पशुवैद्यांना फोन केला. शुक्रवारी सकाळी ते पोचण्याआधीच चंद्री मेली होती. त्यांनी मेंदूचा नमुना घेतला, खड्डा खणवून चुना टाकवला आणि पंचनामा लिहायला बसले. मेघालीला त्या वेळी आईने घरात अडकवून ठेवलं होतं. रात्रीच मंगला पुष्पलताकाकीकडे जाऊन आली होती, हे तिला माहीत नव्हतं.

सरकारी डॉक्टर गेल्यावर मेघाली धावत गेली. "काकी, काय सांगितलंत? कोणी कोणी हात लावला?"

"मी सोडून कुनी नाय, असं सांगितलं," पुष्पलताकाकी म्हणाली. "सही केली. मला सुई घ्यायला बोलावलंय. तू घोर लावून घेऊ नको. मंगलाबायने सगलं सांगितलं. तुजं नाव निघालं तर परीक्षा जाईल. आमी नाय नाव घेत."

"आणि काका?"

"त्याचं नाव कसं घेऊ? त्याने तोंड धरलं म्हटलं की कशाला धरलं, कुनासाटी धरलं, सगलं आलं. त्याला काय गाय चावली नाय. घोड्यासारका हाय तो."

मेघाली गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. तिच्यावरच्या मायेपोटी या बाईने आपल्या नवऱ्याचं नाव कागदावरून पुसलं होतं, आणि आपण काय केलं ते त्या बाईला कळलंही नव्हतं.

तिने बोटीच्या मालकाला फोन करून पाहिला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, गाय मेली म्हणून मी सात माणसांची बोट अर्ध्यावरून परत बोलावू? मला सरकारी कागद आणा. वायरलेसवर मी लगेच सांगतो."

साडेअकरा वाजले होते. शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. ती निघाली तेव्हा मंगला दारात आडवी उभी राहिली.

"मामा विचारेल तेव्हा मी काय सांगू? सहा वर्षं परमुलखात राहिलीस ती कशाला? पंधरा-वीस दिवस तर उरलेत. महादू येईल बुधवारी-गुरुवारी, तेव्हा घेईल सुई."

"शुक्रवार-शनिवारही होईल आई. मासळी लागली तर आणखी दोन दिवस."

"तुला कुनी सगल्यांना तारनारी देवी केलीय?"

"मीच म्हटलं ना जाळं आहे म्हणून."

मंगला बाजूला झाली, पण तिच्याबरोबर गेली नाही.

कोळगावच्या जिल्हा कचेरीत पशुसंवर्धनाच्या अधिकारी बाईंसमोर ती बसली तेव्हा दीड वाजला होता. बाई पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. सकाळचा पंचनामा फोटो होऊन त्यांच्या फोनवर आलेला होता.

"मी शेजारी आहे," मेघाली म्हणाली. "महादू दवणे यांनी मंगळवारी गाईची जीभ धरली होती. त्यांच्या बोटांना जखमा होत्या. मी पाहिलंय."

बाईंनी फोन तिच्याकडे फिरवला. "मालकिणीने सही केलेला जबाब याच्या उलट आहे. शेजाऱ्याच्या तोंडी सांगण्यावरून मत्स्यव्यवसाय खात्याला आजच्या आज पत्र मला देता येणार नाही. सोमवारी माणूस पाठवून चौकशी करते. मंगळवारी गाय कोणी तपासली असेल, त्याची लेखी नोंद असेल, तर आता देते." त्या थांबल्या. "गाईचं तोंड उघडलं कशासाठी? तपासत कोण होतं?"

मेघालीने पिशवी मांडीवर ओढली. पंखा फिरत होता. बाईंनी तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीवर दवाखान्याचं नाव होतं.

"नोंदणी आहे?"

"तीन तारखेला प्रात्यक्षिक आहे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बेटा, हा कागद माझ्या फाइलला राहील. मी तो दडपणार नाही आणि मला दडपताही येणार नाही. विचार करून लिही. सोमवारची चौकशीही चौकशीच असते."

मेघालीने कागद मागितला. मी, मेघाली कृष्णकांत पागधरे, नोंदणी नसताना दिनांक अकरा रोजी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सदर गाईची तपासणी केली, अशी सुरुवात केली. घशातलं जाळं हेच कारण, असा चुकीचा निष्कर्ष काढला, हेही लिहिलं. सुईचं नाव आणि मात्रा लिहिली. महादूच्या कोणत्या हाताच्या कोणत्या बोटांना जखमा होत्या, ते लिहिलं. खाली सही करून तारीख घातली.

पत्र तीन वाजून दहा मिनिटांनी निघालं आणि मालकाने वायरलेसवर निरोप दिला. बोट सोमवारी सकाळी सातपाटीला लागली आणि महादूला थेट पालघरच्या रुग्णालयात नेलं. बोटांच्या चिरांभोवती औषध टोचताना तो ओरडला म्हणतात, नंतर मात्र तो नर्सला म्हणाला, "गाय माजी मेली आन सुया मला."

प्रयोगशाळेचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. गाईला रेबीजच होता. वासरूही त्याच सुमाराला गेलं. शिजवलेल्या खरवसाने काही होत नाही, हे मेघाली घरोघर सांगत फिरली, तरी आळीतल्या बायका तिच्या तोंडावर दार लावून घेत होत्या. पोरांना काय झालं असतं तर, असं म्हणत. आणि मग, हिनेच तर सांगितलं व्हतं जालं म्हणून.

शांताराम डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बसवूनही घेतलं नाही. "तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही," ते पायरीवरच म्हणाले. "पण माझ्याही नोंदणीचा प्रश्न आहे. उद्यापासून येऊ नकोस."

अठ्ठावीस नोव्हेंबरला परिषदेकडून पत्र आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रात्यक्षिकाला बसण्याची परवानगी स्थगित. चौकशी किती दिवस चालेल, ते लिहिलेलं नव्हतं. मंगलाने पत्र वाचून घेतलं, घडी घालून मुलीच्या हातात दिलं आणि टोपली उचलून बाजाराला गेली. त्या दिवसापासून बाजारात तिला कुणी घोड्याबद्दल विचारलं नाही.

अर्ध्यावरून परतलेल्या फेरीमुळे बोटीवरचे बाकीचे सहाजण महादूवर चिडले होते. मालकाने त्याला परत घेतलं नाही. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे लागला. गोण्या उचलायचं काम. हिंदीत शिव्या खायची सवय झाली, असं तो सांगे. पुष्पलताकाकी विहिरीवर मेघालीला एवढंच म्हणाली, "आमी तुजं नाव झाकलं. तू आमचा मानूस समुद्रावरून उठवलास."

शेवटची सुई पंधरा डिसेंबरला होती. महादू येणार नाही असं मेघालीला वाटलं, म्हणून ती सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. पुष्पलताकाकी आत निघून गेली. महादू सदरा चढवत बाहेर आला आणि चालू लागला. आरोग्य केंद्रापर्यंत तो दहा पावलं पुढे होता.

नर्सने दोन्ही दंडांत सुई टोचली आणि कार्डावरचा शेवटचा चौकोन भरला. महादू बाकावर बसून दंड चोळत राहिला.

"डाक्टरीण, एक विचारू? नसती घेतली, तर मेलो असतो का मी?"

"माहीत नाही, काका. कदाचित काहीच झालं नसतं."

"आन झालं असतं तर?"

"मग वाचवता आलं नसतं."

त्याने बाही खाली केली. बाहेर कारखान्याची बस हॉर्न वाजवत होती.

"म्हंजे मी जिता हाय ते तुज्यामुले का असाच, ते कुनालाच नाय माहीत."

"नाही."

महादू उठला. दारात एकदा थांबला. मग बसच्या मागे धावला आणि दांडा धरून चढला. मेघालीने टेबलावरचं त्याचं कार्ड उचललं. नर्सच्या शिक्क्याची शाई ओली होती, ती वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.