आईची केसांची गोळी

आई अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. खोक्यांना चिकटपट्ट्या लावून तिची नखं तुटतात आणि गेल्या वर्षी केसही गळायला लागले. तिच्या लाइनवरच्या बायकांनी मिळून उल्हासनगरच्या बाजारातून बायोटिनच्या गोळ्या आणल्या. तिथं एकीने काही सुरू केलं की सगळ्याच घेतात. आईला थायरॉइडची गोळी आधीपासून होतीच.

नेहमीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन आम्ही बदलापूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "थायरॉइडचा डोस जास्त होतोय असं दिसतंय. छातीत धडधड होते? वजन उतरलंय?"

"छे हो, ब्लाउज उलट घट्ट होतोय," आई म्हणाली.

"दुसरं काही औषध चालू आहे?"

"काही नाही."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण डॉक्टरांसमोर माझा आवाज निघत नाही. तरी डोस कमी होणार म्हटल्यावर मी म्हणाले, "मॅडम, ती केसांची गोळी..."

आईने मला कोपर मारलं. "ते औषध कुठंय? विटामिन आहे ते!"

डॉक्टरांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. थायरॉइडच्या काही तपासण्यांत मोजायचा घटक पकडायला बायोटिनच गोंदासारखं वापरतात, त्या म्हणाल्या. रक्तात ते खूप असलं की मोजणी चुकू शकते. आता डोस बदलायचा नाही, ही गोळी थांबवायची आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं.

मला गंमत वाटली. मशीनही फसतं? मी भीत भीत विचारलं, "पण केसांना फायदा होतो का?"

"शरीरात कमतरता असेल तर होतो. ती क्वचितच असते. बाकीच्यांना उपयोग होतो, याचा भक्कम पुरावा नाही. केस तर थायरॉइडमुळेही गळतात."

पुढचा रिपोर्ट नीट आला. डोस तोच राहिला. कमी केला असता तर आईचं दुखणं आम्हीच वाढवलं असतं, हे मला घरी आल्यावर कळलं.

आईने कारखान्यात सगळ्यांना बजावलं, रक्त द्यायला गेलात की ही गोळीही सांगायची. एक मावशी म्हणाली, "सोडलीस? मग टकली होशील गं."

"होईन," आई म्हणाली, "पण डॉक्टरीणबाईंना आता सगळं सांगणार. तूही सांग."