पोटऱ्या दुखतात, असं अण्णा म्हणाला होता

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सटाण्याच्या माझ्या औषधांच्या दुकानात एका आजोबांना गोळी जेवणाआधी की नंतर, ते सांगत होते. "सुमन, हे गेले गं…" एवढंच ती बोलली. माझा थोरला भाऊ पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर दम खायला बसला, तो उठलाच नाही. दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, चालताबोलता गेला, भाग्यवान. मला त्या शब्दाची चीड येते.

अण्णा नाशिकच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होता. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी पांडवलेणी चढायचा. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसला आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची मागे लागली. "ही करते काय?" त्यानं विचारलं. मी ऐटीत समजावलं, की यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं, गोळी ते काम मंद करते, मग यकृत रक्तातलं ओढून घेतं. "म्हणजे काही होत नसलं तरी घ्यायची," तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा म्हणाला.

चार महिन्यांनी त्याचा फोन आला. "पोटऱ्या फार दुखतात गं. पायऱ्या चढवत नाहीत." दुकानात गर्दी होती. "वय झालं अण्णा, होईल सवय," म्हणून मी फोन ठेवला. ह्या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात, हे मला पाठ आहे. गिऱ्हाइकांना मी बजावते, डॉक्टरांना सांगा, ते रक्त तपासतील, डोस कमी करतील, गोळी बदलतील, पण मनानं बंद करू नका. भावाला म्हणाले, वय झालं.

त्यानं पुन्हा तक्रार केली नाही. सकाळी बरोबर चढणाऱ्या कुणीतरी सांगितलं, ह्या गोळ्या म्हणजे नुसता धंदा, सोडून द्या. हे मला तो गेल्यावर, भेटायला आलेल्यांकडून कळलं. महिन्याभरात अण्णा पहिल्यासारखा चढू लागला. "बघ, झाली सवय!" तो फोनवर म्हणाला. मीही खूश… त्या माणसावर रागवावं, तर त्यानं निदान अण्णाचं ऐकून तरी घेतलं होतं.

गेल्या आठवड्यात मी नाशिकला गेले. वहिनीनं दारामागचं त्याचं विंडचीटर धुवायला काढलं, तर खिशात मूठभर गोळ्या निघाल्या. "मी रोज विचारायचे, घेतली का? हो म्हणायचे," ती म्हणाली. त्या फोनबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. विंडचीटर तिनं न धुताच परत अडकवलं. जातायेता ती त्याच्या बाहीवरून हात फिरवते. मी फिरवत नाही.